पुण्यातल्या मुख्याध्यापकांना एका भंगारवाल्याचे खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांस

विषय : शाळेत कचरा कोणी शिकवावा याबाबत

सप्रेम नमस्कार.

पर्वती पायथ्याला आमचे भंगाराचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी बघतो. तुमच्या शाळांशी माझा संबंध वर्षातून दोनदा येतो. परीक्षा संपल्या की वह्या-पुस्तके येतात, आणि विज्ञान प्रदर्शन किंवा स्नेहसंमेलन आटोपले की प्रकल्पांची पोती येतात. आधी या दुसऱ्या पोत्यांविषयी बोलतो, कारण हे पत्र त्यांच्यामुळेच लिहितो आहे.

पाण्याची रिकामी बाटली माझ्याकडे आली तर तिचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. ती चेपून गठ्ठ्यात जाते, पुढे तिचे तुकडे होतात, ते धुतले जातात आणि बऱ्याचदा त्यातून पॉलिस्टरचा धागा निघतो. आता हीच बाटली मध्ये कापून, ऑइलपेंट फासून, वर लोकर, टिकल्या आणि चमकी फेविकॉलने चिकटवून पेनस्टँड म्हणून आली, तर पुढचा कोणीही तिला हात लावत नाही. रंग निघत नाही, गोंद निघत नाही, आणि ते काढत बसावे इतका त्या बाटलीला भावही नाही. प्रकल्पाआधी ती भंगार होती, प्रकल्प झाल्यावर कचरा झाली. वर्गातल्या प्रत्येकाने एकेक करायचा असतो, तेव्हा बाटल्याही तेवढ्याच लागतात. घरात रिकामी नसली तर कोल्ड्रिंकची भरलेली आणून मोरीत ओततात, हे पालकच मला हसत हसत सांगतात. या सगळ्याला 'टाकाऊपासून टिकाऊ' म्हणून दहापैकी नऊ गुण.

थर्माकोलचे तर बोलायलाच नको. थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलची सूर्यमाला, थर्माकोलवर उभे केलेले 'आदर्श स्वच्छ गाव'. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते. टेम्पो शिगोशीग भरतो, वजन काही भरत नाही आणि भाडेसुद्धा सुटत नाही, म्हणून तो कोणी घेत नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिक-थर्माकोलबंदी आली, त्यानंतर गणपतीच्या मखरातला थर्माकोल आमच्या भागात तरी कमी झाला. शाळेच्या पोत्यांतला झाला नाही.

मुलांनी हाताने काही करू नये असे मी म्हणत नाही. मातीचे करा, कागदाच्या लगद्याचे करा, खुशाल करा. पण ते कार्यानुभवाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला. कचऱ्याचा धडा म्हणून ते चालवू नका.

रद्दीत आलेली पाठ्यपुस्तके चाळायची मला जुनी सवय आहे. लहान इयत्तांच्या परिसर अभ्यासापासून अकरावी-बारावीच्या 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा'पर्यंत पर्यावरण सगळीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीने शिकवा असे सांगितले होते. तेव्हा शिकवलेच जात नाही अशी तक्रार कोणाला करता येणार नाही. मुलांना ओला-सुका पाठ आहे, हिरवा डबा आणि निळा डबा पाठ आहे. पण डब्याला झाकण लागले की धडा संपतो, आणि आमचे काम तिथून सुरू होते. त्या पुढच्या भागात विज्ञान आहे, गणित आहे, या शहराचा इतिहास आहे, माणसांचे पोट आहे. तो भाग ज्यांना ठाऊक आहे त्या कचरा वेचणाऱ्या बायका रोज सकाळी तुमच्या शाळेच्या आसपासच्या गल्ल्यांत काम करतात. त्यांना वर्गात बोलवा, शिक्षक म्हणून बोलवा, आणि तासाचे मानधन द्या. ही माझी मागणी. बाकीचे पत्र तिचा खुलासा आहे.

त्या शिकवतील काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कचरा वेचणारी बाई प्लास्टिकची पिशवी कानाने ओळखते. दुधाची पिशवी चुरगळली तर जवळजवळ आवाज येत नाही, नव्या शर्टावरची पिशवी कडकड वाजते. दोन्ही प्लास्टिकच, पण जात वेगळी आणि पोतेही वेगळे. आता वेफरचे पाकीट मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. कागद असता तर चुरगळलेलाच राहिला असता, हे पाकीट पुन्हा फुलून येते. आत चकाकते म्हणून पोरांना ते धातूचे वाटते. खरे तर ते प्लास्टिकचे पापुद्रे आहेत, त्यांतल्या एकावर धातूचा अगदी पातळ थर दिलेला आणि सगळे एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून ते आमच्याकडे विकत नाही. ज्यूसच्या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे मिळून सहा थर असतात. तिसरीच्या मुलांना हे हातात देऊन बघा, त्यांना घोषवाक्य लागणार नाही.

सातवी-आठवीला पाण्याची बादली पुरते. पाणीबाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचेच झाकण, दोन्ही बादलीत टाका. तुकडा तळाशी जातो, झाकण तरंगते. बाटलीचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड, झाकणाचे हलके. कारखान्यात तुकडे वेगळे करायला हीच युक्ती वापरतात, फक्त बादलीच्या जागी हौद असतो. घनतेचा धडा तुम्ही लाकूड आणि लोखंड घेऊन शिकवता, तो या दोन तुकड्यांवर शिकवलात तर मुलगा घरी जाऊन मोरीतल्या बादलीत पुन्हा करून बघेल. डबा लोखंडाचा की ॲल्युमिनियमचा हे चुंबक सांगते. हा तर आमच्या धंद्याचा पहिला धडा. दुकानात चुंबक दोरीला बांधून टांगलेले असते. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले तर खनिजापासून नवे करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून त्याला इतका भाव. भावामागचे कारण कळले की मुलांना वस्तूची किंमत कळते.

गणितासाठी एक वजनकाटा घ्या. शाळेचा एका आठवड्याचा कचरा मुलांनी जागेवर तोलावा. डब्यातले उरलेले अन्न किती, कागद किती, पाकिटे किती. टक्केवारी, सरासरी, स्तंभालेख सगळे त्यातून निघते, आणि आकडे पुस्तकातले नसून त्यांच्याच वर्गाचे असतात. मग पुढच्या महिन्यात पुन्हा तोला. 'ब' तुकडीचा कचरा 'अ' तुकडीपेक्षा जास्त का, यावर जी भांडणे होतील ती ऐकण्यासारखी असतील.

शिक्षकांना एक गोष्ट मुद्दाम आठवण म्हणून सांगतो, कारण ती शिक्षकांचीच आहे. १९९०च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या पुणे केंद्रातले प्रौढशिक्षण विभागाचे लोक कचरा वेचणाऱ्या बायकांना अक्षरओळख करून द्यायला वस्त्यांत जात होते. त्या बायकांना अक्षरांआधी दुसरे काही हवे होते : वेगळा केलेला कचरा हातात मिळावा, चोर म्हणून कोणी हटकू नये, कामाला काम म्हणावे. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. पंचायतीने ओळखपत्रे मिळवली. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. देशभरातून आणि परदेशातून लोक हे काम बघायला पुण्यात येतात. पुण्यातली शाळा सुटल्यावर मात्र मूल त्याच बाईच्या ढकलगाडीजवळून नाक दाबून जाते. शिकवायला गेलेल्यांनी तीस वर्षांपूर्वी शिकून घेतले, आता तुमच्या शाळेने तेवढे करायला हरकत नसावी.

या बायकांचे उत्पन्न कसे ठरते हेही मुलांना कळू द्या. घरामागे दरमहा ठरलेले शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातले जे विकले जाईल त्याचे पैसे त्यांचे. म्हणजे तुम्ही रद्दीवर आमटी सांडून दिलीत की त्या दिवशीची तिची मिळकत तेवढी कमी झाली. ओला कागद आम्ही घेत नाही, घेतला तर भाव पाडून घेतो. आमचाही इलाज नसतो, पुढचा व्यापारी ओलावा बघूनच गठ्ठा उचलतो. इतके साधे गणित कोणत्याही घोषणेपेक्षा लवकर पटते.

आणि सगळ्यात आधी शिकवायचे ते हातांविषयी. आमच्याकडे माल टाकायला येणाऱ्या किती जणींच्या बोटांवर काचेचे वार आहेत ते बघा. फुटलेली काच, वापरलेली ब्लेड, घरी इन्शुलिन घेणाऱ्यांच्या सुया हे सगळे काळ्या पिशवीत गाठ मारून येते आणि पिशवी सोडावी लागते हातानेच. काच जाड कागदात गुंडाळा, वर 'काच' असे लिहा. सुया झाकणाच्या कडक डब्यात जमवा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे गुंडाळून द्या, हे २०१६च्या घनकचरा नियमांतही सांगितले होते. पुण्यात तर त्यासाठी 'लाल ठिपका' मोहीमच झाली : वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे बाईला न उघडता कळते. हे सांगताना मुलींना वेगळ्या वर्गात नेऊ नका. कचऱ्याचा डबा खाली नेऊन ठेवायचे काम पुष्कळ घरांत मुलगेच करतात, त्यांनाही ठिपक्याचा अर्थ माहीत हवा.

आता इतिहास आणि भूगोल. कोथरूडला पौड रस्त्यावर 'कचरा डेपो' नावाचा बसथांबा होता, हे जुन्या पुणेकरांना आठवत असेल. तिथे खरोखर शहराचा कचरा पडत असे. कोथरूड वाढले तसा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डेपो उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे, सासवड रस्त्याला गेला. कोथरूडच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. फुरसुंगीकडे काय झाले ते मुलांना गावकऱ्यांकडून ऐकू द्या. मिसळून टाकलेला ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजतो, त्यातून मिथेन निघतो आणि ढीग पेटतो. कुजताना सुटलेले काळे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. विहिरी वापरण्यासारख्या राहिल्या नाहीत, टँकर आले. गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. २०१७च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, तेव्हाही अडवल्या आणि शहरात ढीग साचले. त्या दिवसांत आपल्याकडे चर्चा होती ती 'कचऱ्याची समस्या सुटणार कधी' याची. फुरसुंगीच्या लोकांची समस्या मात्र शहराचा कचरा रोज उचलला जात होता तेव्हाही चालूच होती. सहलीला पाणखेळांच्या रिसॉर्टवर जाता, एकदा सासवड रस्त्याला जा. शहरात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो हे वाक्य फळ्यावर लिहून काही होत नाही, एकदा ढीग बघावा लागतो.

घरांविषयी थोडे वेगळे बोलायला हवे. शाळेत शिकवले की मूल घरी सांगेल आणि घर सुधारेल, असे सगळ्यांनी धरून ठेवले आहे. पण भाजी कोण निवडते, डबा कोण भरते? कुठे आजी, कुठे आई, कुठे कामाच्या मावशी. त्यांच्यापर्यंत 'आई, तू चुकतेस' एवढाच निरोप पोचतो. मुलांना कचऱ्याचे पोलीस करू नका. त्यापेक्षा पालकसभेत प्रगतिपुस्तकाच्या आधी दहा मिनिटे द्या, तुमच्या भागातल्या कचरावेचक ताईंना बोलू द्या आणि मावशींनाही बोलावणे धाडा. वडिलांनी यायलाच हवे, कारण वाणसामान आणि घरपोच येणारी खोकी पुष्कळदा त्यांच्याच मोबाइलवरून येतात. आणि दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत चार रंगांचे चार डबे कुठे ठेवणार? तिथे एक बादली आणि खिळ्याला टांगलेली एक पिशवी, एवढ्यावर भागते आणि चांगले भागते. बंगलेवाल्यांना गांडूळखताचा खड्डा करायला सांगा, महापालिका त्यावर मिळकतकरात सवलतही देते. दोघांना एकच पत्रक देऊ नका.

एक बारीकशी गोष्ट, पण मला तिचा छंद आहे. दुधाची पिशवी फोडताना कोपरा कापून टाकू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. पिशवी परत येते, तो नखाएवढा तुकडा कधीच येत नाही. तो गटारात जातो.

आता माझ्याच धंद्याच्या विरुद्ध बोलतो. सगळे पुन्हा वापरात येतेच, या भरवशावर खरेदी करू नका. कागदाचा धागा दरवेळी आखूड होतो, पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात दम राहत नाही. बाटलीपासून झालेल्या पॉलिस्टरच्या कापडाला माझ्याकडे फारसे गिऱ्हाईक नाही. कच्चे तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याचा भाव पडतो. मग वेचलेला मालही पडून राहतो. तेव्हा कमी वापरणे हाच मुख्य धडा, आणि तिथे शाळांच्या हातात पुष्कळ आहे. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या वह्या निम्म्या कोऱ्या असतात. नव्या वर्षी नवीनच वह्या हव्यात, त्याही शाळेचे नाव छापलेल्या, हा नियम कोणाचा? प्रत्येक वहीला प्लास्टिकचे कव्हर आणि त्यावर प्लास्टिकचे लेबल का? कोरी पाने फाडून शिवली तर कच्च्या कामाची वही होते, आमच्या लहानपणी घरोघरी होत असे. पाठ्यपुस्तकांचेही तेच. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घेऊन पिढ्या शिकल्या. मधे २०२३-२४पासून पुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने घातली, मुलांनी त्यांवर लिहिले आणि ती पुस्तके धाकट्या भावंडाच्या कामाची उरली नाहीत, थेट माझ्या काट्यावर आली. ती योजना बंद झाली हे बरे झाले. आता शाळेतच पुस्तकांची पेढी करा. सरते वर्ष संपले की जमा, नवे सुरू झाले की वाटप. माझी रद्दी घटेल, घटू द्या.

वाढदिवसाला वर्गभर वाटलेली चॉकलेटे आणि 'रिटर्न गिफ्ट', स्नेहसंमेलनाचे तारखेसकट छापलेले फ्लेक्स, हेही तुम्हीच थांबवू शकता. फ्लेक्सवर तारीख न छापता तो दरवर्षी वापरला तरी फार झाले. सहलीच्या यादीत मंगळवार पेठेतला जुना बाजार घाला. बुधवारी आणि रविवारी भरतो. मोडकी वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा विकली जाते हे पोरांनी बघितलेले नसते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली की तिला वर्गात बोलवा असे म्हणणार होतो, पण ती माझ्याइतकी बोलकी असेलच असे नाही.

पर्यावरण दिनाची वाट बघू नका. ५ जूनला आपल्याकडे शाळांना सुट्टीच असते आणि वसुंधरा दिन वार्षिक परीक्षेच्या धांदलीत येतो. शाळा उघडल्यावर पहिल्या महिन्यात एक तास ठेवा. बोलावलेल्या ताईंना दुपारची वेळ द्या, सकाळी त्यांची फेरी असते. मानधन त्याच दिवशी रोख द्या, शाल-श्रीफळाने भागवू नका. त्या वर्गात उभ्या असतील तेव्हा शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे.

आमच्या दुकानात मुले आणायची असतील तर मंगळवार सोडून कधीही आणा. मंगळवारी माल भरून ट्रक जातो, उभे राहायला जागा नसते. पूर्ण वर्ग एकदम नको, वीस-वीसच्या तुकड्या करा. पायांत बूट हवेत, सँडल चालणार नाही. चुंबक आणि काटा माझा, बादलीभर पाणीही मी देईन. बाटल्या मात्र मुद्दाम विकत घेऊन आणू नका, दुकानात पुष्कळ आहेत.

आपला,
पर्वती पायथ्याचा एक भंगार व्यावसायिक